गिअर पडत नाही, म्हणे!

मी गिअरबॉक्स बोलतोय. बुटक्या, लाल, दोनच माणसं मावणाऱ्या स्पोर्ट्स गाडीचा. आणि आधीच सांगून टाकतो, चूक माझी नव्हती.

माझे पुढचे गिअर पाच आणि मागचा एक. बाबा म्हणजे आमचे मालक; त्यांनी गाडी नवीकोरी घेतली. ते दोन बोटांनी दांडी ढकलायचे आणि मी मुकाट्यानं गिअर घ्यायचो. त्यांची मुलगीही माझ्यावरच गाडी शिकली. पुढे बाबांचा डावा गुडघा बिघडला आणि गाडी तिच्याकडे आली. जुना क्लच झिजला होता, म्हणून तिनं हौसेनं नवा बसवून घेतला.

तिथून माझ्या नशिबी शिव्या आल्या. पहिला गिअर अडायचा, रिव्हर्स टाकला की कर्रर्र! चौकात हिरवा दिवा लागायचा, मुलगी दोन्ही हातांनी दांडी रेटायची आणि मागचे लोक हॉर्नवरचा हात काढायचे नाहीत.

शेजारी बसलेले बाबा म्हणायचे, "अगं, जरा प्रेमानं टाक."

"प्रेमानं टाकूनच मनगट सुजलंय, बाबा."

एका गॅरेजवाल्यानं माझं तेल बदललं. दुसऱ्यानं मला न उघडताच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला." सगळं खापर माझ्या माथी! माझ्या जातीचा नवा आता कुठं मिळत नाही. शेवटी गाडी मोडीत द्यायचं ठरलं. शनिवारी दुपारी मोडवाला ट्रक घेऊन येणार होता. मुलगी आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

शनिवारी सकाळी तिनं शेवटचा प्रयत्न म्हणून, बाबांना सोबत घेऊन, मला ताईंच्या गॅरेजात नेलं. ताई म्हणजे पिकल्या केसांच्या मेकॅनिक, बोलणं मोजकं.

"इंजिन बंद कर. आता टाक गिअर."

पाचही गिअर बिनबोभाट पडले. इंजिन चालू केलं, पुन्हा कर्रर्र.

"मग याला कशाला बोल लावता?" ताई म्हणाल्या. "हा ठणठणीत आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, त्यामुळे इंजिन याला फिरवतच राहतं. फिरत्या चाकात हा बिचारा दात अडकवणार कसा?"

बिचारा! इतक्या महिन्यांत माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं. ऊर असता तर भरून आला असता.

ताईंनी क्लचचं तेल पाहिलं, नळीतली हवा काढली. फरक नाही. मग त्या गाडीखाली शिरल्या.

"पेडल दाब. पूर्ण दाब."

"दाबलंय ताई. खाली टेकलंय."

"टेकलंय, पण कशाला?"

त्यांनी बाहेर येऊन पेडलखालच्या मॅटमागे हात घातला. अंगठ्याएवढा जाड लाकडी ठोकळा हाताला लागला, पत्र्याला पक्का चिकटवलेला.

स्टुलावर बसलेल्या बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. "तो माझा आहे," ते हळूच म्हणाले. "गुडघा दुखायचा. पाय लांब करावा लागू नये म्हणून जुना क्लच अर्ध्यातच सुटेल असा लावून घेतला होता आणि पेडल तिथंच थांबावं म्हणून खाली हा ठोकळा चिकटवला. नवा पूर्ण दाबावा लागतो, हे डोक्यातच आलं नाही."

"मला सांगायचं तरी, बाबा."

"गुडघा गेला हे सांगायची लाज वाटली गं."

मुलीनं ठोकळा खरवडून काढला, बाबांना शेजारी बसवलं आणि पेडल पार तळापर्यंत दाबलं. पहिला पडला. रिव्हर्स पडला, हूं की चूं नाही. मोडवाल्याचा ट्रक रिकामाच परत गेला, मी त्याला डोळे भरून पाहिलं!

आज आम्ही टेकडीचा चढ चढलो. दुसरा, तिसरा, चौथा, मी असे घेतले की मुलगी मोठ्यानं हसली. दर गिअरला शेजारी बसलेल्या बाबांचा डावा पाय पेडल नसलेल्या तळावर दाबला जात होता. गुडघा दुखत असणार, पण एकदाही चुकले नाहीत.

माझं एवढंच ऐका. आमच्या दातांना नावं ठेवण्याआधी एकदा आपल्या पायाखाली बघा.