पाचव्या पानावर

"ब्लाउज, लेडीज टेलर, निपाणी. लिही एवढंच," राजमती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवू लागली.

"आई, हेच शब्द गावातल्या सगळ्या टेलरांनी लिहिल्यात," प्रणिता लॅपटॉपवरची मान वर न करता म्हणाली. "त्या गर्दीत आपण कुणाला दिसणार? तू जे शिवतीस ते दुसरं कोण शिवत न्हाय. त्याचं नाव घालायला पायजे. बाया काय लिहून हुडकतील, ते सांग."

"ते नाव घालायचं न्हाय म्हणून सांगितलं न्हवं?"

राजमती जे शिवायची त्याला गावात नावच नव्हते. कॅन्सरने स्तन काढलेल्या बायकांसाठी ती ब्लाउज शिवायची, रिकाम्या बाजूला आतून वजनाची उशी बसवलेले. बाई चारचौघांत उभी राहिली तर कुणाला संशय येऊ नये असे. हे तिला कुणी शिकवले नव्हते. स्वतःचे ऑपरेशन झाल्यावर पहिला ब्लाउज तिने स्वतःसाठीच शिवला होता. पुढे एका दवाखान्यातली नर्स तिचा पत्ता हळूच बायकांच्या हातात ठेवायची. नर्सची बदली झाली आणि बायका यायच्या थांबल्या. नवरा वारल्यापासून घर या मशीनवरच चाललेले, म्हणून लेकीने वेबसाइटचा घाट घातला होता. बेळगावच्या कंपनीत प्रणिता दिवसभर हेच करायची: लोक काय लिहून शोधतात ते ओळखायचे आणि दुकानदाराच्या पानावर नेमके ते शब्द घालायचे. परक्यांच्या फरशीला आणि काजूला तिने गिऱ्हाईक मिळवून दिले होते. घरात मात्र तिचे काही चालत नव्हते.

याला कारण प्रणिताला आलेले बोरगावचे स्थळ. श्रेयांसच्या घरचे चांगले होते, मुलगा मनमिळाऊ होता, आणि त्याच्या आईने पहिल्याच भेटीत, घराण्यात काही आजार नाही ना, हे फार गोड आवाजात विचारून घेतले होते. राजमतीने 'गाठीचं साधं ऑपरेशन' एवढेच सांगितले होते. दुकानाच्या नावाखाली कॅन्सर हा शब्द दिसला, की हिला हे शिवायचे सुचले कसे, असे विचारायला बोरगावात लोकांना वेळच वेळ होता.

म्हणून गणपतीच्या आधी वेबसाइट सुरू झाली तेव्हा पानावर 'लेडीज टेलर' गेले. फोन आले, नाही असे नाही. कुणाला पाठीवर लटकन हवे, कुणाला बाहीवर मोर हवा. राजमती ज्यांची वाट बघत होती त्यांच्यातली एकही आली नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी प्रणिताने लॅपटॉप आईच्या पुढ्यात ठेवला.

"लोकांनी काय लिहिल्यावर आपलं नाव निघालं, ते हितं दिसतंय. वाच."

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेले होते. ऑपरेशन नंतर ब्लाउज. एका बाजूचा ब्लाउज कुठे शिवून मिळेल. एक ओळ कानडीतही होती. खाली पुन्हा तेच, एका बाजूचा ब्लाउज, खानापूर. आणि पुन्हा.

"मग ह्यांचा फोन का आला न्हाय?"

"हुडकल्यावर जी यादी येती, तिच्यात आपण पाचव्या पानावर हाय. तिथंवर कोण जात न्हाय, आई. बाया पहिल्याच पानावर दमत्यात."

राजमती वाचत राहिली. ऑपरेशननंतर ती स्वतः कोल्हापूरच्या दुकानांतून असेच अर्धे वाक्य घेऊन हिंडली होती आणि काउंटरवर पुरुष बघून उरलेले गिळून परत आली होती. तिला आता स्वतःची लाज वाटली.

"त्या लिवत्यात तसंच लिही," ती म्हणाली. "कानडीतबी लिही. माझंबी झालंय म्हणून लिही."

"श्रेयांसच्या घरचे बघतील."

"मी कुठं न्हाय म्हणतीया? तुला चालतंय का, ते तू सांग."

प्रणिताला मुलगा आवडला होता, हे राजमतीला ठाऊक होते. पोरीने आईच्या आजाराचे वाक्य लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले आणि मग राहू दिले.

थोड्याच दिवसांत बोरगावहून फोन आला. मुलाला इतक्यात लग्न करायचे नाही म्हणाल्या त्याच्या आई, तितक्याच गोड आवाजात. प्रणिता कामावर गेली, परत आली, भांडी घासू लागली. राजमतीने पाठीवर हात ठेवला तर "असू दे गं," म्हणाली आणि तोंड फिरवले.

संक्रांतीच्या सुमाराला दारात एक माणूस उभा राहिला. खानापूरजवळच्या नंदगडचा आण्णाप्पा. पिशवीत बायकोचा जुना ब्लाउज होता.

"आक्का, मोबाइलवर तुमचं नाव सापडलं. आमच्या मालुबाईचं ऑपरेशन झालतं. ती लई हुडकत हुती, माझ्याच मोबाइलवर, गणपतीपासनं. मी म्हणायचो, पदर घे की, कोण बघतंय."

"त्यास्नी आणायचं हुतं. माप नीट घेता आलं असतं."

"आता उठवत न्हाय तिला. डाक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय." तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. "सवाष्ण जातीया. नेसवायचं हिरवं लुगडं तिनं सवताच काढून ठेवलंय. म्हणती, अंघोळ घालताना बाया बघतील त्याला इलाज न्हाय, पर नेसवल्यावर तरी पुरी दिसू दे."

गणपतीपासून. तेव्हा राजमतीचे नाव पाचव्या पानावर होते, आणि ते तिथे तिनेच ठेवले होते. हे त्या माणसाला सांगून त्याचे ओझे वाढले असते, एवढेच.

"कुठली बाजू?" तिने विचारले.

आण्णाप्पाने स्वतःच्या छातीवर डावीकडे हात ठेवला.

हातातले काम बाजूला सारून ती लगेच बसली. तो पायरीवर थांबला, दिलेला चहा तसाच गार झाला. उभ्या बाईला जड उशी लागते, म्हणजे खांदा कलत नाही. ही उशी तिने हलकी भरली, आणि ब्लाउजची पाठ उघडी ठेवली.

"मागनं नाड्या हाईत," घडी त्याच्या हातात देत ती म्हणाली. "हात उचलाया लागायचं न्हाईत. पुढनं चढवायचा आन् नाड्या पाठीखालनं घ्यायच्या. बायास्नी सांगा."

त्याने मान हलवली. "घातल्यावर कळवतो, आक्का."

त्याच आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. मागे बायकांचे रडणे ऐकू येत होते.

"आण्णाप्पा बोलतोय, नंदगडचा. बरोबर बसला, आक्का."

"बरं झालं," राजमती म्हणाली. फोन ठेवायचे दोघांनाही सुचेना, आणि पलीकडे कुणी तरी त्याला हाक मारीपर्यंत तो तसाच चालू राहिला.