लाडकू कोतवालाची खबर

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणाली, नागसेन मोठा धीराचा. धीर कसला डोंबलाचा! आतून सगळं बधिर झालं होतं. ताट समोर आलं की जेवत होतो, अकोल्याच्या बँकेत जाऊन शिक्के मारत होतो, घरी येऊन झोपत होतो.

त्यात माझ्या मुलीच्या, दीपमालाच्या, जातीच्या व्हॅलिडिटीचं निघालं. पोरीला मेडिकलला प्रवेश मिळाला, पण पडताळणी कमिटीला आमच्या घराण्याचा पन्नास सालाआधीचा, जात लिहिलेला कागद हवा होता. शुक्रवारपर्यंत दिला नाही तर जागा जाणार. बाबांचा शाळेचा दाखला बावन्नचा. त्यांना विचारावं तर ते नाहीत, आणि असते तरी काय सांगणार होते? छप्पन साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढं तो जुना जातीचा शब्द त्यांनी घरात कोणाला उच्चारू दिला नाही. आता तोच शब्द शोधायला मी दर्यापूरच्या तहसीलात जाऊन बसलो.

सोबतीला अब्दुल रहीमचाचा होते. गावात बाबांचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. जुन्या माणसांची नावं ओळखायला म्हणून ते जीपमध्ये बसून आले होते.

पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची खबर कोतवाल पाटलाला द्यायचा आणि पाटील ती लिहायचा. तेच कोतवाल बुक. आमच्या गावचा कोतवाल म्हणजे माझा आजोबा, लाडकू. घरचंच काम, चहा व्हायच्या आत सापडेल असं मला वाटलं होतं.

दुपार झाली तरी सापडेना. रेकॉर्ड रूमच्या रागिणीताई पुस्तकं काढून देऊन थकल्या. बाबा सेहेचाळीसचे. ते अख्खं साल मी दोनदा वाचलं. गावात सगळ्यांना पोरं झाली होती, फक्त खबर देणाऱ्याला सोडून.

"दादा, साल चुकलं असेल. मागचं बघा," रागिणीताई म्हणाल्या.

मागं गेलो तर आजोबा सापडले. लाडकू महार, मुलगा. लाडकू महार, मुलगी. मग आणखी एक मुलगा. यातलाच एक मुलगा म्हणजे बाबा असणार. अंगात जीव असता तर मी उडी मारली असती. पण ताईंनी तेवढ्यात मृत्यूची पानं उघडली होती. तिथंही तीच पोरं. एक हगवणीनं, एक देवीनं, एक नुसतं तापानं. जन्माची खबर देणारा लाडकू कोतवाल, मरणाची खबर देणाराही लाडकू कोतवाल. बाबा एकुलते एक, असंच मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. मी वाचत गेलो आणि मला काहीच वाटलं नाही.

रहीमचाचा मात्र सेहेचाळीसच्या पानावरच अडकले होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. शेख गुलफाम, मुसलमान, मुलगा.

"हा कोन होय?" ते म्हणाले.

"तुमच्या वडलांचं नाव आहे ना? मग तुम्हीच असाल."

"मी पन्नासचा. माह्या आगुदर घरात समद्या बहिनीच." त्यांनी चष्मा काढला. "हा मी नाई, बेटा. हा तुया बाप होय."

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"तुया आजीचं, पार्बताबाईचं, लेकरू जगेच ना," चाचा सांगू लागले. "मंग तुया बाप, देवमन, झाला तसा तिनं त्याले माह्या मायले इकला. सूपभर जवारीत. लेकरू दुसऱ्याचं केलं का मरन फसते, असं मानत जुने लोक. दूध आजीच पाजे. पन कोनी पुसलं तर म्हने, माहं नोहे, नईमाचं हाय. माय हसून हसून सांगे आमाले. पन लाडकूनं खबरबी तशीच देली, हे मले आज समजून राहिलं."

"आणि पाटलानं लिहिलं? एवढ्याशा गावात त्याला माहीत नसेल?" ताईंनी विचारलं.

"माईत असनच. लिवलं तरी."

मला आधी रागच आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तेही हे. एक ओळ खरी सांगितली असती तर आज दीपमालाचा जीव टांगणीला लागला नसता.

"त्याले खरं सांगाले काय झालं होतं?" चिडून मीही वऱ्हाडीवर आलो.

"खरं सांगून पायलं होतं ना त्यानं," चाचा म्हणाले. "हरेक लेकराच्या येळेस."

पोर जगावं म्हणून त्या माणसानं स्वतःचं बापपण दुसऱ्याच्या नावावर लिहवून घेतलं होतं, आणि मी त्याला जाब विचारत होतो. मला माझीच लाज वाटली.

"दादा, बाबांच्या दाखल्यावर लाडकूचं नाव आहे ना?" रागिणीताईंनी विचारलं. "मग त्यांच्या सख्ख्या भावाबहिणीची नोंद जोडा. मृत्यूची असली तरी चालते. जात लिहिलेली आहे. फक्त वंशावळीत त्यांना दाखवा."

नक्कल काढायला आम्ही सगळ्यात स्वच्छ अक्षराची नोंद निवडली. भाजीच्या ढिगातून चांगली बघून घ्यावी तशी. तापानं गेलेली मुलगी, वय एक महिना.

बाहेर पायरीवर बसून मी दीपमालाला फोन लावला. ती लॅपटॉप उघडून बसलीच होती.

"सापडलं, बाई. जागा जात नाही तुझी."

ती ओरडली, हसली, तिनं आईला हाक मारून सांगितलं. मग म्हणाली, "कोणाचा कागद आहे?"

"तुझ्या आजोबांच्या मोठ्या बहिणीचा."

"आजोबांना बहीण होती? थांबा, वंशावळीत टाकते. नाव सांगा."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. "कोन जाने, बेटा. ठेवलंबी नसन."

"बाबा? नाव?"

"मुलगी," मी म्हणालो. "नुसतं मुलगी लिही."