चहाआधी उभी राहणारी खाट

मित्रांनो, माझ्यावर बसायचे असेल तर खुशाल बसा, पण पाय वर घेऊन ऐसपैस बसा. कडेवर टेकून लगेच निघणारी माणसे मला आवडत नाहीत. मी तापीकाठच्या एका गावातली, चाळीस वर्षांची खाट आहे. पाय बाभळीचे, अंग बांबूचे आणि वीण सुती दोरीची. माझ्या मालकिणीच्या, गजराबाईच्या नवऱ्याने मला आपल्या हातांनी विणले. दोरी सैल पडली की तो पायथ्याला पाय लावून ती ओढायचा. खाट ढोलासारखी वाजली पाहिजे, म्हणायचा.

माझ्यावर त्यांची मुले, नवनीत आणि रूपाली, लहानाची मोठी झाली. माझ्यावर शेवया वाळल्या, पाहुणे घोरले. रोज सकाळी झाडलोट करताना गजराबाई मला ओट्यावर भिंतीशी उभी करायची. पुढे याच साध्या सवयीने आमची लाज राखली.

नवनीत कामासाठी सुरतला गेला, रूपाली नोकरीसाठी तळोद्याला, आणि घरधनी देवाघरी गेले. मागच्या वर्षी गजराबाई मोरीत घसरून पडली. समोरची कमलीबाई दुपारी विरजण मागायला आली, तेव्हा कुठे कळले. तोवर ती पाच तास ओल्या फरशीवर पडून होती. मला चार पाय असून एकही चालत नाही, याचे एवढे वाईट मला कधीच वाटले नव्हते.

मग आईचे कसे करायचे, यावर खल सुरू झाला. आधी रूपालीने तिला तळोद्याला नेले, माझ्यासकट. लेक जिवाला जीव देणारी, पण ती आणि जावई दिवसभर कामावर. गजराबाई टीव्हीसमोर आणि मी गच्चीवर. दीड महिन्यात उन्हाने माझी दोरी पिचली आणि गजराबाई बोलेनाशी झाली. शेवटी आम्ही दोघी गावी परतलो. नवनीतचे घर चौथ्या मजल्यावर, आणि तिचे गुडघे दुसऱ्यावरच बसत. म्हणून त्याने मोबाइलवर एका वृद्धाश्रमाचे फोटो दाखवले. स्वच्छ खोल्या, डॉक्टर, ओळीने लोखंडी पलंग. त्या ओळीत माझ्यासाठी जागा नव्हती.

"माय, तठे येळवर डॉक्टर शे. आठे तू एकटी पडनी तं कोन देखी?" नवनीत आमच्या अहिराणीत म्हणाला. तो चुकीचे बोलत नव्हता. त्याला खरोखर घोर लागला होता.

"गल्ली देखी," गजराबाई म्हणाली. "मी गल्लीसंगे बोलेल शे."

तिने ठरवले होते ते असे. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसे तीन: ती, कमलीबाई आणि एसटीचे जुने ड्रायव्हर दोधू आप्पा. तिघांनी सकाळच्या चहाआधी आपापली खाट ओट्यावर उभी करायची. ज्याची खाट दिसणार नाही, त्याच्या घरात बाकीच्यांनी तडक शिरायचे. म्हणून दाराला आतून कडी लावायची नाही.

"खाट काय डॉक्टर शे का?" नवनीत हसला. पण आईचा चेहरा पाहून म्हणाला, "एक महिना देखू. नही जमनं तं तुले जानंच पडी."

तो महिना मी छाती काढून उभी राहिले. एकदाही चुकले नाही.

महिना संपला तसा नवनीत आला. पिशवीत वृद्धाश्रमाचा फॉर्म होता, फक्त सही बाकी. प्रवासाने तो पार थकला होता. आईने त्याला आपली खाट दिली आणि स्वतः खाली अंथरले. सकाळी त्याला भरीत आवडते म्हणून ती मागच्या दाराने मळ्यात वांगी तोडायला गेली. नवनीत डोक्यावरून गोधडी घेऊन गाढ झोपला होता, आणि मी ओट्यावर नव्हते.

गल्लीत चहाला आधण आले. आणि आमचे दार धाडकन उघडले. पुढे कमलीबाई, हात पिठाने माखलेले. मागे दोधू आप्पा, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"गजरा, उठ वं," म्हणत कमलीबाईने गोधडी ओढली, तर आतून मिशा निघाल्या. तिने पिठाचा हात कपाळावर मारला. "हाऊ तं नवनीत शे."

"आते पह्यले ती खाट उभी कर, मंग बोल," दोधू आप्पांनी त्याला झापले. "आनि तुन्ही माय कोठे शे?"

तेवढ्यात गजराबाई पदरात वांगी घेऊन आली. "पोऱ्या थकेल व्हता, मी उठाडं नही," ती ओशाळून म्हणाली. "मन्हीच चूक व्हयनी."

नवनीत दोधू आप्पांच्या अनवाणी पायाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "माय, सुरतले मी दुपारलोंग झोपी ऱ्हायनू, तं शेजारना एक मानूस देखाले येवाव नही."

फॉर्म पिशवीतच राहिला. बस येण्याआधी नवनीतने पायथ्याला पाय लावून माझी दोरी ओढली, अगदी वडिलांसारखी. मग स्वतः मला ओट्यावर उभे केले. मी म्हातारी, पण त्या दिवशी वाजले ढोलासारखी.

मित्रांनो, खाट असो की माणूस, वापरात असेपर्यंतच ताठ राहते. अधूनमधून आमची दोरी ओढत जा. आणि सकाळी आपल्या गल्लीवर एक नजर टाका. एखादी खाट उभी दिसली नाही, तर दुसरी चप्पल शोधत बसू नका.