हिरामात्सू नावाचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शिक्का आहे. उंचीने तुमच्या करंगळीएवढा. माझ्या तोंडावर 'हिरामात्सू' हे आडनाव कोरले आहे. आमच्या जपानात मी कागदावर उमटलो, की माणसाचा शब्द पक्का झाला.

इइदा शहराजवळच्या खेड्यात योनेबाईंनी आपल्या एकुलत्या एका मुलासाठी, सेइजीसाठी, मला हौसेने करून घेतले. सेइजी लढाईवर गेला, त्याच्या खिशातून मीही गेलो. तिथे तापाने त्याचा घास घेतला. जाताना त्याने मला कुमाओ त्सुजी या मित्राच्या मुठीत दिले. "आईला नेऊन दे," एवढेच बोलला.

लढाई संपली. कुमाओ भाजलेला चेहरा घेऊन टोकियोला परतला, तर त्याच्या गल्लीत बॉम्बच्या आगीने नुसती राख. "त्या आळीतलं कुणी उरलं नाही हो," लोक म्हणाले. बायको फुसाही गेली, असे समजून तो मला पोचवायला खेड्यात आला.

योनेबाईंनी आधी मला पाहिले, मग त्याचा भाजलेला चेहरा कुरवाळला.

"आलास रे सेइजी! किती वाळलास! चल, आधी दोन घास खा."

खरे सांगायला आलेला कुमाओ पानावर बसला. तो जेवला आणि सेइजी झाला.

सहा वर्षे मी इमानाने काम केले. टपालवाला नावाला आदराचे 'सान' जोडून म्हणायचा, "शिक्का झकास हो तुमचा, सेइजीसान! अक्षर तेवढं कोंबडीच्या पायाचं!" मी फुलून जायचो. आज त्या फुलण्याची लाज वाटते.

मग एका दुपारी फुसा दारात उभी राहिली. जिवंत.

"सेइजीसान ना? तुम्ही माझ्या नवऱ्याच्या तुकडीत होतात. सहा वर्षं शोधतेय. ते गेले असतील तर तसं लिहून द्या. मला मागणी आलीय, पण मन धजत नाही हो."

कुमाओने मान खाली घातली. "तो गेला, वहिनी. तापाने. माझ्या मांडीवर."

"तुमचा आवाज... अगदी त्यांच्यासारखा आहे."

"एका तुकडीत राहिलं की आवाजही सारखे होतात."

आतून आजारी योनेबाईंनी खोकत विचारले, "सेइजी, कोण आलंय रे?"

कुमाओने मला लाल शाईत टेकवले. मला ओरडायचे होते, पण लाकडाला कुठला आवाज? त्याच्याच मरणाच्या कागदावर मी उमटलो, जराही न फिसकटता. फुसाने कागद छातीशी धरला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ती उतारावरून निघून गेली.

दोन वर्षांनी योनेबाई वारल्या, तेव्हा कुमाओ फुसाच्या नव्या घरी गेला. सगळे सांगायचे ठरवूनच गेला. मी खिशात होतो. फुसा ओसरीवर लेकीला भरवत होती. त्याला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, हिरामात्सूसान! या ना, आत या!"

तो चहा पिऊन परतला.

आता मी एका खणात पडून आहे. मला कुणी जपले नाही तरी चालेल. मित्रांनो, तुम्ही आपले नाव जपा. आणि आपले माणूस शोधत दारी आले, तर लगेच ओ द्या.