फटीत गेलेलं वजाचं चिन्ह

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सांगायला लाज वाटते, पण मी एका मुलीला चुकीचं शिकवलं.

वरूडला संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या शेषरावांनी मला पेटीच्या दोन फळ्या जोडून बनवलं. मध्ये आडवी फट राहिली. त्यांच्या पत्नी माधवीकाकू बारावीच्या मुलांना घरीच गणित शिकवायच्या. "तुमाले पेटी जमते, फळा नाही जमत!" असं म्हणून त्या हसायच्या आणि फटीवर आलेलं चिन्ह दोनदा गिरवायच्या.

दिवाळीनंतर काकू आजारपणात गेल्या. शेवटच्या शिकवणीत त्यांनी खुर्चीत बसूनच माझ्यावर मोठ्या अक्षरांत गुणाकाराच्या इंटिग्रेशनचं, म्हणजे इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं सूत्र लिहिलं. हात थकला होता. वजाचं चिन्ह एकदाच काढलं आणि ते फटीत गेलं.

त्यानंतर काकूंचं शेवटचं अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून शेषरावांनी मला कोणाला हात लावू दिला नाही. मला त्याचा गर्वच वाटायचा.

मग ती शेवटची शिकवणी चुकलेली काकूंची विद्यार्थिनी प्रतीक्षा सूत्र उतरवायला आली. मधलं चिन्ह तिला दिसेना. गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायच्या प्रॉडक्ट रूलमध्ये अधिक असतं, म्हणून तिनं इथेही अधिक लिहिलं. सराव परीक्षेत या सूत्राची तिची तिन्ही गणितं चुकली.

"काकाजी, मी काकूचंच उतरवलं होतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

शेषरावांनी फटीत नख घातलं. नखाला खडू लागला. "तिनं लिवलं होतं व बाई. फट माह्या हातची हाय. पण तिथं मायनस काहून असते?"

सूत्र प्रतीक्षानं नुसतं पाठ केलं होतं.

"मांडून पाहा लागीन," ती म्हणाली. "पण फळ्यावर जागा कुठी हाय?"

शेषरावांनी ओलं फडकं आणून काकूंचं अक्षर स्वतः पुसलं.

प्रतीक्षा लिहू लागली. "यू न् व्हीचा गुणाकार. आधी यू बदलते, व्ही तसाच रायते. मंग व्ही बदलते, यू तसाच. दोन पाळ्या, म्हणून अधिक. आता इंटिग्रेशन म्हंजे उलटं जायचं..." तिचा खडू थांबला. "पुऱ्या गुणाकारातून एक पाळी काढली का दुसरी उरते! काढली, म्हणून मायनस!"

"एक काढली का दुसरी उरते," शेषराव हळूच म्हणाले. "हे तुही काकू मले सांगून नाही गेली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडाच्या भुशात सुताराचा सरस कालवून माझी फट बुजवली.

मित्रांनो, कोणाच्या आठवणीसाठी फळा जपायचा असेल, तर तो पुसा. आणि त्यावर लिहा.