फाटकाशी पेटलेले कंडे

आमच्या लेकीचं, सोनलचं लग्न झालं त्याच वर्षी आम्ही परदेशीपुऱ्यातली मिलची चाळ सोडून हातोद रोडच्या या कॉलनीत राहायला आलो. इथे सारखं कुठलं ना कुठलं नवं घर उभं राहत होतं आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. यांना ते सोसवेना. मिलच्या चाळीत बातमी आपोआप घरात यायची; इथे शेजारी मूल जन्मलं तरी कळायचं नाही. मग यांनी दूध डेअरीच्या भिंतीवर एक चौकोन काळा रंगवून घेतला आणि सकाळी उठून त्यावर खडूने लिहू लागले. नर्मदेचं पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, कोणाकडे बारसं, कोण वारलं. लोक दूध घेता घेता वाचायचे. "चिंतामणकाका, आज काय खबर?" अशी हाक आली की यांचा दिवस सरळ जायचा.

गेल्या थंडीत एका रविवारी हे फिरायला निघाले, तर मागच्या गल्लीत गोपीनाथ शिंद्यांच्या फाटकाशी कंडे पेटलेले, धूर, आणि भोवती चार-पाच पुरुष गप्प उभे. गोपीनाथ बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. आमच्यात मयत झालं की दारात कंड्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव ठेवतात, आणि अशा दारात उभं राहून 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. यांनीही विचारलं नाही. थेट फळ्यावर लिहून आले.

थोड्या वेळात कॉलनी जमली. कोणी हार आणला, कोणी बांबू आणायला माणूस धाडला. शिंद्यांची सून रुची पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिच्या माहेरचे लोक आले होते. कणकेचे बाफले विस्तवावर शेकायला अंगणच नाही, म्हणून कंडे फाटकाशी लावलेले.

गोपीनाथ मुलाच्या खांद्याला धरून दारापर्यंत आले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आलाच आहात माझ्या मयतीला, तर बाफले खाऊन जा."

लोक हसले. हे हसले नाहीत, आणि गोपीनाथांचा मुलगा अंकुरही हसला नाही.

"काका, अब रहने दो," तो म्हणाला. "मोबाइलवर कॉलनीचा ग्रुप आहे ना आता. तुम्ही कायको लिहिता?"

दुसऱ्या दिवशी डेअरीवाल्याने भिंतीला चुना फासला.

तेव्हापासून यांचा पाय घरात ठरेना. चौकापर्यंत जायचे, परत यायचे, चहा निवत ठेवून पुन्हा जायचे. वाटेत कोणीतरी विचारायचंच, "भिया, आज कोणाला मारलं?" गोपीनाथांनी मात्र यांना बोलावून घेतलं. संध्याकाळी हे त्यांच्या उशाशी बसून कॉलनीच्या बातम्या सांगायचे. कोणती नाली तुंबली, कोणाची सून आली. तेवढा वेळ जरा शांत असायचे.

वैशाखात एका सकाळी अंकुरने ग्रुपवर टाकलं. पण आमच्या वयाची निम्मी माणसं फोन बघतच नाहीत. हे शिंद्यांकडे जाऊन आले आणि पाणीही न पिता पुन्हा बाहेर पडले. उन्हात एकेक फाटक वाजवत निघाले. मी डोक्यावर पदर घेऊन मागे गेले.

प्रत्येक दारात एकच प्रश्न. चिडवायला नाही, खरंच विचारायचे. "पक्कं ना, काका?"

"पायाला हात लावून आलोय," हे सांगायचे. "थंड होते."

शेवटच्या गल्लीत यांचा आवाज बसला. तिथल्या घरांत मीच सांगितलं, की गोपीनाथ शिंदे आज पौर्णिमेला सकाळी वारले.