गॅलरीत टांगलेला नावाडी

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. माझ्याजवळ टाळ नाही, मृदंग नाही, पण कथा आहे. आणि आज ती मी रागाने सांगणार आहे.

मी एक जुनी सीडी आहे. एका मोठ्या खेळाचा दुसरा भाग माझ्यावर आहे. त्या खेळात आपण वीर व्हायचे, गावोगाव हिंडायचे, भेटेल त्याचे बोलणे ऐकायचे आणि कोणाला काय उत्तर द्यायचे ते ठरवायचे. पहिली सीडी, माझी थोरली बहीण, वीराला नदीपर्यंत नेते. तिथे पडद्यावर अक्षरे येतात, ‘दुसरी सीडी घाला’. नदी, नाव आणि म्हातारा नावाडी माझ्या पोटात आहेत.

अशा मला मारुंजीतल्या एका गॅलरीत दोऱ्याला बांधून कबुतरे हाकलायला टांगले! सांगा, हा कुठला न्याय?

आधी दिवस चांगले होते. ज्योतीराम चाकणच्या कारखान्यात फिटर. फर्स्ट शिफ्ट संपवून घरी येत, हातपाय धुऊन मुलीला हाक मारत, “स्वरूपे, आपला भिमाजी कुठवर आलाय?” भिमाजी हे त्यांनी वीराला दिलेले नाव. खेळातले बोलणे सगळे इंग्रजी. शाळकरी स्वरूपा ते वाचून मराठीत सांगे. ज्योतीराम एकादशीला आळंदीत कीर्तनाला बसणारे, ऐकण्यात मुरलेले. पोरगी घाईने राक्षसाकडे निघाली की म्हणत, “अगं थांब की. विहिरीवरचा म्हातारा काहीतरी सांगतोय. त्याचं ऐकून घे आधी. राक्षस काय पळून जातोय व्हय?”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली की घरी संगणकाची होई. एका वर्षी त्यांनी मलाही पाटावर ठेवले. माझ्या एका बाजूला शिंगवाल्या राक्षसाचे चित्र. त्याला कुंकू कसे लावायचे? म्हणून त्यांनी मला उलटे केले आणि आरशासारख्या बाजूवर ओल्या हळदीकुंकवाचे बोट टेकवले. नेमकी तीच माझी वाचायची बाजू! थोरली बहीण संगणकात होती, म्हणून ती सुटली. मी मात्र रागावले नाही. मायेचे बोट होते ते.

मग स्वरूपाची दहावी आली. भिमाजी नदीच्या अलीकडेच राहिला. पुढे संगणक भंगारात गेला आणि आम्ही दोघी बहिणी डब्यात.

स्वरूपा मोठी झाली, हिंजवडीत नोकरीला लागली, तिथल्याच निरंजनशी तिचे लग्न झाले. ज्योतीरामांना मात्र अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. लेकीने त्यांना मारुंजीच्या घरी आणले. सामानाबरोबर आम्हीही आलो. निरंजनने डबा उघडला, मला उचलले आणि म्हणाला, “हिच्यावर डाग आहे बघ. वाया गेलीय. गॅलरीत लावू का? कबुतरांनी वैताग आणलाय.” स्वरूपा कानात इयरफोन घालून मीटिंगमध्ये होती. ती “हं” म्हणाली. एका “हं”मध्ये माझे नशीब ठरले! कबुतरेही अशी निगरगट्ट की माझ्या शेजारी बसून घुमत.

ज्योतीरामांची खाट गॅलरीच्या दाराशी होती. ते रोज माझ्याकडे बघत. त्यांचे ओठ हलत. घरच्यांना वाटे, कबुतरे बघतात.

सासऱ्यांचे मन रमावे म्हणून निरंजनने आमच्याच खेळाची नवी, चकचकीत आवृत्ती लॅपटॉपवर आणली. पोरगा मनाचा चांगला हो! पण त्या आवृत्तीचे काय सांगू? वाटेवर सोनेरी बाण, इकडे जा, तिकडे जा. विहिरीवरच्या म्हाताऱ्याने तोंड उघडले की खाली बटण, ‘पुढे’. कीर्तनाला यायचे आणि बुवांनी अभंग धरला की विचारायचे, प्रसाद कधी वाटणार? ज्योतीरामांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

“बंद कर,” स्वरूपा म्हणाली. “अप्पांना हे नकोय.”

“अगं, चित्रं किती भारी केलीत!”

“चित्रं भारीच आहेत रे. पण कुणाचं काही ऐकायलाच मिळत नाही.”

तिने थोरलीला बाहेर काढले. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही! चिंचवडच्या एका दुकानातून जोडायचे यंत्र मागून आणले, तर लॅपटॉप म्हणतो, हा प्रोग्रॅम येथे चालत नाही. काय तो तोरा! शेवटी निरंजनने खटपट करून नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे केले, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. भिमाजी पुन्हा पहिल्यापासून निघाला. रोज संध्याकाळी लेक वाचून सांगे, बाप ऐके. आणि एके दिवशी अक्षरे आली, ‘दुसरी सीडी घाला’.

कपाटे उपसली, डबे पालथे केले. मी बाहेर लोंबकळत होते, पण ओरडणार कशी? तेव्हा ज्योतीरामांनी धड असलेला हात उचलून गॅलरीकडे बोट दाखवले.

निरंजनचा चेहरा पडला. “अप्पा, मीच टांगली हो ती.”

“म्हणजे राक्षस घरातच होता,” स्वरूपा म्हणाली.

त्याने दोरा कापला. ओल्या मऊ फडक्याने तिने मला मधून कडेकडे हळूच पुसले. फडके गुलाबी झाले. यंत्र घरघरले, अडले, पुन्हा घरघरले. मी जीव ओतला, मित्रांनो! आणि नदी आली. नाव आली. नावाडी बोलू लागला.

सवयीने निरंजनचे बोट पुढे ढकलायच्या बटणाकडे गेले. ज्योतीरामांनी त्याचे मनगट धरले. पकड घट्ट होती. निरंजनने बोट मागे घेतले आणि तो खाटेच्या कडेला ऐकत बसला. स्वरूपा वाचू लागली.

आजही माझ्यावर ओरखडे आहेत, रागही आहे. जुनी वस्तू टांगण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते एकदा विचारा. आणि तुमच्या घरात कोणी न बोलता रोज एकाच दिशेने बघत असेल, तर ते कबुतरेच बघतात असे समजू नका. माझ्या ज्योतीरामांची आठवण ठेवा.